कंसकाकू आणि हरवलेले एकतीस सेकंद

कंसकाकूंचं खरं नाव इस्पितळाच्या हजेरीपटावर कुठेतरी असणारच, पण ते नाव घेऊन कुणी त्यांना शोधायला आलं तर दारावरचा पहारेकरीसुद्धा डोकं खाजवील. तिसऱ्या मजल्यावर, क्ष-किरण खात्याच्या पलीकडे, मोडक्या खुर्च्यांनी अर्धा अडवलेला एक बोळ आहे आणि त्या बोळाच्या टोकाला आकडेवारीची खोली. काकू तिथे बसतात. इस्पितळात ज्याला म्हणून संशोधनाची हुक्की येते, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो की शिकाऊ कुणी, त्याला शेवटी खुर्च्यांमधून अंग चोरत या खोलीत यावंच लागतं. कारण जमवलेले आकडे आर नावाच्या संगणकी भाषेत घालून तिच्याकडून उत्तर काढायचं असतं, आणि ती बया कुणालाच धड उत्तर देत नाही.

आता बघा, भाषेचं नावच एका अक्षराचं. अडचण आली म्हणून इंटरनेटवर शोधायला जावं, तर एक अक्षर टाकून माणसाने शोधायचं तरी काय? त्यात हिचे नखरे. आकड्यांच्या एखाद्या उभ्या खान्याला नाव देताना पहिलं अक्षर मोठं काढलंत आणि नंतर हाक मारताना लहान काढलंत, की ‘अशी कुणी वस्तू माझ्याकडे नाही’ म्हणून ही मोकळी. स्वल्पविराम एक कमी पडला की तांडव. आणि कंस उघडून बंद करायला विसरलात, तर रागवायचीसुद्धा नाही. नुसतं एक अधिकचं चिन्ह दाखवून ‘हं, पुढे?’ म्हणत बसून राहील. माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो, ती पुन्हा पुन्हा अधिक दाखवते, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. असं बसून बसून मेटाकुटीला आलेलं माणूस मग बोळातून धावत येतं. काकू चष्मा डोक्यावर सरकवतात आणि तोंडाकडेही न बघता विचारतात, “कंस बंद केलास का?” नाव पडलं ते असं.

येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. काकू, कालपर्यंत चालत होतं. दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. मी कशालाच हात लावला नाही. काकू मान डोलावतात आणि तो हात कुठे कुठे लागलाय ते दाखवून देतात. एकदा एक हाडांचे डॉक्टर ताडताड आले. मोठं प्रस्थ, शस्त्रक्रियेत ज्यांचा हात कधी थरथरला नाही असे. सरासरी विचारली तर ही ‘ठाऊक नाही’ म्हणते, म्हणून लाल झालेले. काकूंनी समजावलं की डॉक्टर, तुमच्या यादीत एका रोग्याचं वजन लिहायचं राहिलंय. एकाचं ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांची सरासरी ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने ती खरं तेच बोलतेय. डॉक्टरांनी मग चिडून तिला विचारलं की हे एक ठाऊक नाही आणि ते दुसरं ठाऊक नाही, दोन्ही सारखीच ना? तर तिचं उत्तर आलं, ठाऊक नाही. मग त्यांना जे हसू फुटलं ते क्ष-किरण खात्यापर्यंत ऐकू गेलं.

काकूंच्या मेजामागच्या भिंतीवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: आधी डोळ्यांनी बघा, मग मला हाक मारा. नव्या माणसाला पहिला धडा तोच. आकडे यंत्रात घातले की लगेच उत्तराच्या मागे धावू नका. खाना उघडा, वरून खाली नजर फिरवा, काय काय आत आलंय ते बघा. आणि दुसरा धडा असा की आर ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नाही. ओरडली म्हणजे काय दुखतंय ते तरी कळलं. ती गप्प राहून गोड उत्तर देते ना, तेव्हा घाबरा.

हा दुसरा धडा काकू कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. तो त्यांना घरी, सासूबाईंकडून मिळाला होता.

सासूबाई म्हणजे अगदी आरची थोरली बहीण. झाकण वाकडं बसलं, पंचा उलटा वाळत घातला, चपला दारात एकावर एक पडल्या, की तोफ सुरू. दिवसभर घरात कशा ना कशाची चूक निघतच असायची, आणि काकूंना त्यात काही वाटेनासं झालं होतं. उलट, तो आवाज चालू असला म्हणजे घर नीट चाललंय. पण खरंच काही लागलं की म्हातारी मूग गिळून बसे. सासरे गेले तेव्हा महिनाभर एका झाकणाबद्दल बोलली नाही. आणि गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हाही तसंच झालं. हाड वाचलं, पण धीर गेला. खोलीतून स्वयंपाकघरात यायचं तर भिंतीला तळवा टेकवत यायची. भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला. चपला दारात एकावर एक पडून राहिल्या आणि कुणी काही म्हणेना.

तेव्हा काकूंनीच त्यांना ताठबाईंच्या वर्गात घातलं. ताठबाई म्हणजे इस्पितळातल्या व्यायामोपचाराच्या तरुण बाई, येताजाता सगळ्यांना ‘मान ताठ’ म्हणणाऱ्या. पडलेल्या, पडायला घाबरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्या तळमजल्यावरच्या एका जुन्या दालनात तोल सांभाळायचा वर्ग घेत. खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं, मग एक बोट टेकवून, मग काहीच न धरता एका पायावर. कुणी डुलतंय, कुणी शेजारच्याचा सदरा पकडतंय, कुणी दुसऱ्याला हसता हसता स्वतःच कलतंय. पहिल्या दिवशी सासूबाई दारातूनच परत फिरल्या होत्या. दोन महिन्यांनी त्या वर्गाच्या अर्धा तास आधी तयार होऊन बसू लागल्या. भिंतीवरच्या पट्ट्यावर नवा मळ चढेना. आणि एक दिवस स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला की या घरात झाकणं सरळ लावायला कुणाला शिकवलंय की नाही. काकू बाहेरच्या खोलीत नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावत बसल्या. नवराही गालात हसला.

घोडं अडलं ते पुढे. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना ते दालन सामान ठेवायला हवं होतं. माणूस वाईट नव्हता. ते एवढंच म्हणाले की वर्गाचा उपयोग होतोय हे आकड्यांत दाखवा, दालन तुमचं. नसेल होत, तर उगाच जागा अडवायची कशाला? ताठबाईंनी सुरुवातीला प्रत्येकाला एका पायावर उभं करून सेकंद मोजून ठेवले होते. आता पुन्हा सगळ्यांना मोजलं आणि दोन्ही खाने भरून काकूंकडे पाठवले. सोमवारी आकडे आले, शुक्रवारी बैठक.

इथे काकूंच्या मनात एक किडा वळवळला. वर्गात आपली सासू आहे. आपण एकेक आकडा बघत बसलो, ही कोण, ती कोण करत बसलो, तर मन झुकतं माप घालायला लागेल. त्यापेक्षा खाने उघडायचेच नाहीत. यंत्रात घालायचे, नेहमीची आज्ञावली चालवायची, येईल ते उत्तर. भिंतीवरचा कागद पाठीमागे होता, म्हणजे त्यांना दिसत नव्हता असं म्हणायला जागा आहे. पण तो लिहिला कुणी, हेही विसरून चालायचं नाही.

तर आकडे आत गेले. ‘आधी’चा खाना सुरळीत. ‘नंतर’च्या खान्याची सरासरी विचारली, तेव्हा आर कुरकुरली. म्हणाली, हे काही मला आकड्यांसारखं दिसत नाही. काकूंचं यंत्र जुनं, त्यातली आरही जुनी. नवी घ्या म्हणून सगळे कानीकपाळी ओरडत, पण चालतंय ना, मग कशाला, हे काकूंचं उत्तर. जुन्या बाईची कुरकुर त्यांच्या सवयीची. दिसत नाही काय, आकडेच आहेत ते, असं पुटपुटत त्यांनी त्या खान्याला सरळ आकडे बनवायची आज्ञा दिली. आर गप्प झाली आणि गोड उत्तर दिलं. आधीची सरासरी सहाच्या वर. नंतरची सहाच्या खाली. म्हणजे वर्गाला जाऊन माणसांचा तोल सुधारला नव्हताच. थोडा बिघडलाच होता.

काकूंनी ते दोनदा चालवून बघितलं. दोन्हीदा तेच. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, पण बाई कर्तव्याला पक्की. मोठ्या डॉक्टरांकडे निकाल पाठवला. ताठबाईंना बोलावून सांगितलं. त्या मान ताठ ठेवून ऐकत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. मग काकू घरी गेल्या आणि पदर खोचून, हातचं काही राखून न ठेवता, सासूबाईंनाही सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, “पण मला तर बरं वाटतं गं.”

काकू म्हणाल्या, “आई, वाटणं वेगळं. आकडा वेगळा.”

बस्स, एवढंच. म्हातारीने मान हलवली. ही बाई उभ्या गावाला सांगत आली होती की आमच्या सूनबाईचा आकडा कधी चुकत नाही. पेपरवाल्याला, शेजारणीला, वर्गातल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. आता सुनेचा आकडा म्हणाला की तुझे पाय बिघडलेत, तर पायांचं कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वर्गाला गेल्या नाहीत. खोलीतून स्वयंपाकघरात आल्या त्या भिंतीला तळवा टेकवत. काकूंनी चहाच्या भांड्यावर मुद्दाम झाकण वाकडं ठेवून बघितलं. सासूबाईंनी त्याकडे पाहिलं आणि कप उचलून निघून गेल्या. नवरा म्हणाला, आज आई कशी शांत आहे ना. त्याला काय कळतंय.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी दुपारी बोळातल्या खुर्च्या खडखडल्या आणि खोलीत पोस्टमनकाका आले. निवृत्त पोस्टमन, वर्गातलेच, उंच आणि वाळलेले, मिशा मात्र भरघोस. त्यांनी न विचारता आत पाऊल टाकलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. माझे एकतीस सेकंद कुठे गेले, ते मला सांगा.

काकूंनी बसा म्हटलं. ते बसायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं की उभा जन्म त्यांनी टपाल वाटलं, एकही पाकीट कधी हरवलं नाही, आणि इथे चांगले एकतीस सेकंद त्यांनी आपल्या पायाने वर्गात जमा केले, ते वाटेतच कुणीतरी गिळले. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांत जास्त तेच उभे राहिले होते. आणि आता ताठबाई रडत सांगतात की वर्ग बिघडला. कोण बिघडलं? दाखवा. असं म्हणून पोस्टमनकाकांनी डावा पाय उचलला आणि आकडेवारीच्या खोलीच्या मधोमध एका पायावर उभे राहिले.

“लावा घड्याळ,” ते म्हणाले.

आता काकू करणार काय? त्यांनी घड्याळ लावलं. पोस्टमनकाका उभे. नुसते उभे नाहीत, तर उभ्या उभ्या आपल्या जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवतायत, उजव्या हाताने हवेत पत्रं वाटतायत, मिशी थरथरतेय, पाय मात्र खांबासारखा. एक शिकाऊ डॉक्टरीण आपली अडचण घेऊन दारात आली, आतला प्रकार बघून ‘कालपर्यंत चालत होतं’ एवढंच म्हणाली आणि तिथेच थिजली. काकूंनी तिला हाताने थांब म्हटलं. घड्याळ तिसाच्या पुढे गेलं. पोस्टमनकाका अजून उभेच. शेवटी काकूंनीच घड्याळ बंद केलं, कारण त्यांच्या डोक्यात आता भलतीच घंटा वाजायला लागली होती.

एकतीस. पण निकालाच्या कागदावर सगळ्यांत मोठा आकडा होता पंधरा.

काकूंनी यंत्रावर ‘नंतर’चा खाना उघडला. पहिल्यांदाच. वरून खाली नजर फिरवली. एकतीस कुठेच नाही. पंधराच्या वर काहीच नाही. मग ताठबाईंनी पाठवलेला मूळ तक्ता उघडला. त्यात मात्र एकतीस होते, ठसठशीत. बारा होते, चौदा होते, सोळा होते. पाच, सात, नऊसारखे एकेरी अगदी थोडे. आणि खाली खाली जाता जाता एका घरात आकडाच नव्हता. तिथे अक्षरात लिहिलं होतं: हसल्या.

काकूंनी कपाळावर हात मारला. एवढ्या जोरात मारला की डोक्यावरचा चष्मा मेजावर पडला. पोस्टमनकाकांनी पाय खाली टेकला.

प्रकार असा झाला होता. खान्यात एकच शब्द शिरला आणि जुन्या आरने ठरवलं की हा सगळा खानाच शब्दांचा. मग तिने त्या शब्दांची शब्दकोशासारखी रांग लावली. शब्दकोशात पहिलं अक्षर बघतात ना, तसं. दहा आधी, कारण तो एकाने सुरू होतो. मग अकरा, बारा, तेरा, अशी एकाने सुरू होणारी सगळी मंडळी पुढे. त्यानंतर एकतीस, कारण तो तिनाने सुरू होतो. त्यानंतर पाच, सात, आठ. आकड्यांत सगळ्यांत शेवटी नऊ. काकूंनी ‘यांचे आकडे बनव’ म्हटल्यावर तिने सेकंद दिलेच नाहीत, रांगेतला नंबर दिला. त्यामुळे जो बापडा नवावरच अडकला होता तो चौदावा आला, आणि जो धडपडून दहावर पोचला तो पहिला, म्हणजे हिशेबात त्याचा एक सेकंद. एकेरी आकडा ओलांडला की माणूस खाली. एकतीसवाले पोस्टमनकाका दहावे. आणि आकड्यांनंतर अक्षरं, म्हणून सगळ्यांत शेवटी, मानाने, पंधरा गुण मिळवून, हसल्या.

हा खड्डा काकूंनी दरवर्षी नव्या माणसांना बोट धरून दाखवला होता. आधी शब्द म्हणून वाच, मग आकडा कर, एकदम उडी मारू नकोस, हे घोकून घेतलं होतं. आणि स्वतः त्यात डोळे मिटून पडल्या होत्या. आर बिचारी एकदा कुरकुरली होती. यांनीच तिला गप्प केलं होतं. गप्प केल्यावर ती शहाण्यासारखी खोटं बोलली.

आणि आणखी कुणीतरी एकदाच कुरकुरलं होतं, हे आठवून काकूंना खुर्चीतून उठवेना.

ताठबाईंना बोलावणं गेलं. त्या जिन्यावरून धापा टाकत आल्या. काकूंनी तक्त्यातल्या त्या घरावर बोट ठेवून विचारलं की हे काय आणि ही कोण. ताठबाई ओशाळल्या. म्हणाल्या, मोजताच आलं नाही हो. समोर पोस्टमनकाका उभे होते, त्यांची मिशी एका बाजूने उडायला लागली, आणि त्या बाईंना जे हसू आलं ते थांबेचना. पाय खाली, खुर्चीत बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा हसल्या. तीनदा प्रयत्न केला. शून्य लिहिणं बरोबर वाटेना, कारण त्या काही पडल्या नव्हत्या. म्हणून जे झालं ते लिहिलं.

“पण कोण?” काकूंनी विचारलं.

“तुमच्या सासूबाई.”

काकू हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग टेबल. पडल्यापासून ज्या बाईचे दात कुणी बघितले नव्हते, ती बाई वर्गात इतकी हसली की इस्पितळाची अख्खी आकडेवारी आडवी झाली. ताठबाई हसल्या, पोस्टमनकाका मिशीला हात लावून मी काय केलं म्हणत हसले, दारातली शिकाऊ डॉक्टरीण कशाला हसायचं हे न कळताच हसली. काकूंनी डोळे पुसले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

मग काम. ‘हसल्या’च्या जागी आरच्या भाषेत ‘ठाऊक नाही’ लिहिलं, कारण शून्यही खोटं झालं असतं आणि पंधरा तर निव्वळ थट्टा. खाना नीट वाचला, सगळ्यांसमोर वरून खाली मोठ्याने वाचला. नंतरची सरासरी आधीच्या दुपटीवर गेली. काकूंनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला आणि स्वच्छ सांगितलं की सोमवारचा निकाल चुकीचा, चूक माझी, उद्या बरोबर घेऊन येते.

शुक्रवारच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. त्यांनी काकूंना चुकीबद्दल दोन शब्द सुनावले, ते काकूंनी खाली मान घालून ऐकले. ऐकायलाच हवे होते. मग त्यांनी विचारलं की सगळ्यांचे आकडे आहेत, हा एकच रिकामा का? हा माणूस वर्ग सोडून गेला का?

“नाही,” काकू म्हणाल्या. “त्या हसत होत्या. त्यांचे सेकंद मोजता आले नाहीत.”

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. मग कागद दुमडता दुमडता त्यांनी सामान ठेवायला दुसरी जागा बघायला सांगितलं. ताठबाईंनी भर बैठकीत काकूंना मिठी मारली आणि मान अजिबात ताठ ठेवली नाही.

काकू घरी आल्या तेव्हा संध्याकाळ होत होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला हात लावून उभ्या. काकूंनी पिशवी खाली ठेवली, गॅसवर दूध चढवलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं, आणि सांगायला सुरुवात केली. रांग कशी लागली, दहा खाली कसा गेला, नऊ वर कसा आला, पोस्टमनकाका खोलीत कसे उभे राहिले. हसल्याचंही सांगितलं. सासूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

“आई, तुमचे पाय बरोबर होते,” काकू शेवटी म्हणाल्या. “आकडा चुकला. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. हे गप्प राहणं काकूंना नको होतं. काहीही चालेल, पण हे नको. मग म्हातारीची नजर ओट्यावरून फिरली आणि एका ठिकाणी थांबली.

“ते साखरेच्या डब्याचं झाकण,” त्या म्हणाल्या, “ते काय मुंग्यांना आमंत्रण आहे? इतकी शिकलेली बाई, हिला एक झाकण म्हणून सरळ लावता येत नाही. आकडे काय लावणार.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. झाकण सरळ करायला त्या वळल्या, तर मागून हुकूम आला की ते राहू दे, घड्याळ कुठंय तुझं? सगळ्यांचे आकडे आहेत आणि माझंच घर रिकामं, हे मला चालायचं नाही. काकू म्हणाल्या की आता तक्त्यात नाही घालता येणार, तो पाठवून झाला. सासूबाई म्हणाल्या की तक्ता गेला खड्ड्यात.

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. स्वयंपाकघराच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. साडी जराशी वर धरली आणि उजवा पाय उचलला. डुलल्या, सावरल्या, पुन्हा डुलल्या, स्थिर झाल्या. काकूंनी घड्याळ लावलं आणि श्वास धरला. हसू अगदी ओठांशी आलं होतं. सासूबाईंनी डोळे वटारले. हसलीस तर बघ, माझा आकडा बिघडेल.

दूध वर यायला लागलं. काकूंना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. सासूबाईंना तर समोरच दिसत होतं. या घरात इतक्या वर्षांत कधी दूध उतू गेलेलं नाही. सून म्हणून आल्या दिवशी काकूंना पहिली ताकीद मिळाली होती ती हीच. साय फुगली, कडेला आली, थरथरली. काकूंचा हात आपोआप गॅसकडे वळला.

“जाऊ दे ते,” एका पायावर उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. “तू मोज.”